गाडी गळते कुठून?

यंदा आषाढी पौर्णिमेच्या आधी आमच्या वस्तीतल्या विहारापुढच्या मोकळ्या जागेत वर्गणी काढून फरशी बसवली. महिला मंडळाने ती घासूनपुसून अशी लख्ख केली की, चप्पल घालून पाय ठेवायला जीव होईना. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाच्या पहिल्याच रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे मोटारसायकल पिंपळाच्या कडेला उभी केली. वाचन आटोपले, वंदना झाली आणि बाहेर येऊन पाहतो तो गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग. त्याच्या शेजारी दुसरा, चार आण्याएवढा. मंडळाच्या अध्यक्षा आजी तिथेच उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एका मुलीला साबणाचा चुरा आणायला पाठवले आणि आम्हाला एवढेच म्हणाल्या, "साहेब, भाषणात मन स्वच्छ ठेवा म्हणता. गाडीचं पण बघा की."

आम्ही साहेब नाही, कारकून आहोत. पण वस्तीत ज्याच्या खिशाला पेन असते तो साहेब, असा एक जुना रिवाज आहे. त्या पेनाची गोष्ट पुढे येईलच.

गाडी आमची २००९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. समाजबांधवांपैकी निम्म्यांच्या दारात हीच गाडी असेल, म्हणून अधिक वर्णन नको. हिच्या मागे आम्ही ग्रंथविक्रीचे गठ्ठे बांधून नेले, लाउडस्पीकरचे कर्णे नेले, एकदा तर अभ्यासवर्गाचा फळा आडवा धरून नेला. गाडीने कधी कुरकुर केली नाही. ऑइल गळायला लागले ते गेल्या वर्षी क्लच प्लेटा बदलून आणल्यानंतर. ज्या गॅरेजमध्ये त्या बदलल्या त्या गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिले आणि "चेंबर गळतंय" असे निदान करून तळाचा ऑइलचा बोल्ट आवळून दिला. महिनाभराने पुन्हा गेलो, तर कसली तरी पेस्ट बाहेरून चोपडून दिली. तिसऱ्या वेळी आणखी जाड चोपडली. दर वेळी शंभर-दीडशे रुपये घेतले आणि दर वेळी आठ-पंधरा दिवस गाडी कोरडी राहिली. आम्ही बी. कॉम. झालेले, जमाखर्च कळतो म्हणवतो. पण एकच दुखणे चौथ्यांदा घेऊन त्याच दाराशी निघालो होतो, हे कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी घरी आलो तर ताई येऊन बसलेली. बरोबर भाचा. दाजी गेल्यापासून भाच्याच्या शिक्षणाचा निर्णय ताई आमच्याशिवाय घेत नाही. आम्हीच त्याला अकरावीला कॉमर्सला घातले, आम्हीच एफ. वाय.ला प्रवेश घेऊन दिला. पोरगा एकोणीस वर्षांचा, स्वभावाने गरीब. पहिल्या वर्षी तीन विषय राहिले. वर हेही उघड झाले की, कॉलेजच्या वेळेतला बराच वेळ तो स्टेशनजवळच्या एका गॅरेजमध्ये हवा भरण्यापासून इंजिन खोलण्यापर्यंत सगळे शिकत होता. आता त्याला आयटीआय करायचे होते. मेकॅनिक मोटार व्हेईकल, दोन वर्षांचा कोर्स. अर्ज भरण्याची मुदत जवळ आलेली.

आम्ही त्याला फैलावर घेतले. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले ते काय पाने हातात धरायला, आपल्या बापजाद्यांनी हात काळे केले म्हणून तर आपण इथवर आलो, आता तू पुन्हा काळ्या हातांकडे चाललास, अशी आमची नेहमीची सरबत्ती. भाचा मान खाली घालून ऐकत होता. आमचे संपल्यावर म्हणाला, "मामा, तुमच्या गाडीचं चेंबर गळत नाही. क्लच कव्हरचं पॅकिंग गेलंय."

आम्हाला राग आला. पण राग आल्यावर उत्तर सुचेना, तेव्हा आम्ही म्हणालो, "कशावरून?"

पुढच्या रविवारी त्याने ते कशावरून हे दाखवले. सकाळी सातला तो हजर. आधी रॉकेलच्या ब्रशने इंजिन बाहेरून धुतले, ती जुनी पेस्ट खरवडून काढली, फडक्याने कोरडे केले. मग म्हणाला, "मामी, पावडरचा डबा द्या." घरच्या आयुष्मतींनी संशयाने डबा दिला. पठ्ठ्याने तोंडाला लावायची ती पावडर इंजिनाच्या उजव्या अंगाला आणि बुडाला शिंपडली, गाडी दहा मिनिटे चालू ठेवली आणि आम्हाला खाली बसवले. पांढऱ्या पावडरीत एक बारीक काळी रेघ उमटली होती. ती निघत होती क्लच कव्हरच्या सांध्यातून, मागच्या खालच्या कोपऱ्याजवळ. तिथून इंजिनाच्या पोटावरून ओघळत ती तळाच्या बोल्टपाशी येऊन थेंब होऊन लोंबत होती. तळाचा बोल्ट सगळ्यांत खाली, म्हणून थेंब तिथून पडतो. गळते मात्र वरून.

"मोटारीला खाली वेगळं ऑइल पॅन असतं, बोल्टांनी बसवलेलं," भाचा सांगत होता. "आपल्या गाडीला तसं नाही. इंजिनाचं पोटच ऑइलची टाकी आहे. म्हणून कुठूनही गळलं की लोक चेंबर म्हणतात."

गेले वर्षभर आम्ही थेंब पडतो त्या जागेचेच पैसे भरत होतो.

पॅकिंग म्हणजे तेलात न विरघळणाऱ्या जाड कागदाचा, कव्हरच्या कडेच्या आकाराचा कापलेला पट्टा. इंजिन आणि कव्हर ही दोन्ही ॲल्युमिनियमची. कितीही घासली तरी दोन धातूंमध्ये केसाएवढी फट राहतेच. ती फट हा कागद भरून काढतो. इंजिनाच्या उष्णतेने तो वर्षानुवर्षे भाजतो, कडक होतो. एकदा कव्हर उघडले की तो फाटतो किंवा दबून निकामी होतो, म्हणून दर वेळी नवा टाकायचा असतो. आमच्या क्लच प्लेटा बदलल्या तेव्हा जुनाच परत बसवला असणार, असा भाच्याचा तर्क. नवे पॅकिंग आदल्या दिवशी तो दुकानातून घेऊन आला होता. शंभराच्या नोटेतून पैसे परत आले होते.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली. रंगाचा रिकामा डबा खाली ठेवून सतरा नंबरच्या पान्याने तळाचा बोल्ट सोडला आणि काळे ऑइल धार धरून पडू लागले. ते डब्यात जमेपर्यंत त्याने वाटेतले सामान हटवायला घेतले: सायलेन्सर, फूटरेस्ट, किक, क्लचची केबल. आम्ही प्रत्येक नटबोल्ट एका ताटलीत टाकत होतो. त्याने ताटली बाजूला सारली.

मग त्याने केले ते आम्ही विसरणार नाही. एका खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर पेनने क्लच कव्हरचा ढोबळ आकार काढला आणि जिथे जिथे बोल्ट तिथे पुठ्ठ्याला भोक पाडले. आठ नंबरच्या टी पान्याने एक बोल्ट काढायचा की पुठ्ठ्यावर त्याच जागी खोवायचा. कारण विचारले तर म्हणाला, "सगळे बोल्ट दिसायला एकसारखे, पण लांबी वेगळी. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर तळाला टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला, पण कव्हर सैलच राहतं. आणखी आवळलं की आटे जातात." आम्ही वीस वर्षे कार्यालयात फायली लावतो. कोणता कागद कुठल्या फायलीतला हे ज्याला कळते त्याच्यावाचून साहेबाचे पान हलत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तो पुठ्ठा पाहिल्यावर पोराविषयीचे आमचे मत जरा हलले, हे खरे.

कव्हर निघेना. आम्ही पेचकस पुढे केला, फटीत घालून उचकटू म्हटले. भाच्याने आमचा हात धरला. मामाचा हात धरायची ही त्याची पहिलीच वेळ. "मऊ धातू आहे. एक ओरखडा पडला की तिथून जन्मभर गळेल." लाकडाच्या दांड्याने कडेकडेने हलकेच ठोकले, तेव्हा कव्हर सुटले.

आत पाहिल्यावर तो गप्प झाला. इंजिनाच्या बुडाशी उजव्या अंगाला एक लहान जाळी असते, ऑइल पंपाकडे जाण्याआधी त्या जाळीतून गाळले जाते. ती ओढून बाहेर काढली तर तिला शेवयांसारखे पेस्टचे तुकडे चिकटलेले. म्हणजे कव्हर परत बसवतानाही जुन्या पॅकिंगवर ही पेस्ट थापलेली होती. सांधा आवळला की जादा पेस्ट जशी बाहेर येते तशी आतही येते, वाळते, तुटते आणि ऑइलबरोबर फिरते. जाळी पुरती बुजली असती तर वर ऑइल गेले नसते आणि इंजिन बसले असते. कुठे? कदाचित घाटात, मागे आयुष्मती बसलेल्या असताना. आम्ही काही बोललो नाही. त्याने जाळी पेट्रोलमध्ये धुऊन उजेडाकडे धरली आणि आम्हाला आरपार दाखवली.

जुने पॅकिंग खरवडायचे काम त्याने आमच्याकडे दिले. इंजिनाचे उघडे तोंड स्वच्छ फडक्याने झाकले, म्हणजे कपटे आत पडू नयेत. लोखंड वापरायचे नाही. आमच्या दप्तरातली प्लॅस्टिकची फूटपट्टी घेतली, पेट्रोलचा बोळा फिरवायचा आणि पट्टीने खरवडायचे. दीड तास लागला. बसून बसून गुडघे आखडले. नखांत काळे गेले, ते शुक्रवारपर्यंत निघाले नाही.

त्या दीड तासात आमच्या डोक्यात आजोबा आले.

आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. लहानपणी आम्ही त्यांना विचारले होते, तुम्ही साच्यावर का नाही गेलात, तिथे पगार जास्त होता ना? आजोबा हसले होते आणि ओठांचा चंबू करून वारा ओढल्यासारखा आवाज काढला होता. त्याचा अर्थ आम्हाला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळला. साचेखात्यात धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा. म्हणून अस्पृश्यांना साचेखात्यात मज्जाव. कपडा विणायचा तो वरच्या जातींच्या कामगारांनी. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी विचारले की, मग साचेखात्याचे दार आमच्या माणसांना का बंद?

आम्ही भाषणांतून हे पाचपन्नास वेळा सांगितले असेल. पण पट्टीने पॅकिंग खरवडताना पहिल्यांदा त्याची दुसरी बाजू दिसली. आमच्या माथी जे मारले गेले ते मेलेली ढोरे ओढणे, गाव झाडणे, निरोप पोचवणे. तीत शिकण्यासारखे काही ठेवले नव्हते. ज्यात डोके लागते, हाताला कसब येते, ज्याला पगार चांगला, ते यंत्राचे काम आमच्यावर लादले गेले नव्हते. ते आमच्यापासून राखून ठेवले होते. आणि आम्ही मात्र भाच्याला सांगत होतो की, तू पुन्हा मागे चाललास.

यात आमच्या वडिलांचाही वाटा आहे. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली. पुढे रात्रपाळीचे वॉचमन राहिले. शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या सदऱ्याच्या खिशाला पेन लावले आणि सांगितले, हे उतरवायचे नाही. ते पेन आम्ही उतरवले नाही. वडिलांचे चुकले असे म्हणायची आमची छाती नाही. त्या पेनावर आमच्या दोन बहिणींची लग्ने झाली, घर झाले. पण बाबासाहेबांच्या मनात एवढे एकच पेन नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. १९४२ साली सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे अशीही मागणी केली. हे आमच्या कपाटातल्या खंडांत आहे. आम्ही ते कपाट दर रविवारी पुसतो.

धम्माच्या दृष्टीनेही पाहिले. सम्यक आजीविकेत उपासकाने जे पाच व्यापार टाळावेत म्हणून सांगितले आहे ते शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. इंजिनाच्या ऑइलचे नाव त्यात नाही. पेस्ट चोपडून पैसे घेणे मात्र कोणत्या सदरात बसेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

तरी एक काटा मनात राहिला आणि तो भाच्यासमोर बोलून दाखवला. आपल्या पोरांनी आयटीआय करावे आणि इतरांच्या पोरांनी वकील-डॉक्टर व्हावे, असे सांगणारे फार आहेत. त्यांत आमची भर नको. आमची मुलगी सी. ए. करते आहे, तिला आम्ही पाने धरायला सांगितले असते का? भाचा बोल्ट पुसत म्हणाला, "तिला आवडत असतं तर?" मग थोड्या वेळाने, "मामा, मी बी. कॉम. सोडत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून करीन. पुढं स्वतःचं गॅरेज टाकलं तर हिशेब कोण लिहिणार?"

हे त्याने आधी सांगितले असते तर आम्ही त्याला फैलावर घेतलेच नसते. पण आम्ही सांगू दिले नव्हते.

नवे पॅकिंग कोरडेच बसवले, पेस्टचा ठिपकाही नाही. दोन पोकळ पिना असतात, त्यांच्यावर पॅकिंगची भोके बरोबर बसतात आणि कागद जागचा हलत नाही. कव्हर लावून सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवले. मग टी पान्याने एक इकडचा, एक समोरचा, असे आलटूनपालटून, तीन फेऱ्यांत आवळले. आम्हाला शेवटचा बोल्ट दिला. आम्ही जोर लावणार तोच, "बस, बस." हा बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचा, त्याला सुमारे १० न्यूटन-मीटरचा ताण पुरतो. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. जास्त आवळले की कागद चेपून फाटतो आणि बोल्टाचे आटे जातात ते वेगळेच. तळाच्या बोल्टला नवा वायसर टाकला. ऑइलचा नऊशे मिलिलिटरचा डबा ओतला. गाडी थोडी चालू ठेवून बंद केली, दोन-तीन मिनिटे थांबून पट्टी नुसती आत टेकवली, न फिरवता, आणि वरच्या खुणेजवळ ऑइल दिसले. काढलेले काळे ऑइल गटारात ओतायला आम्ही निघालो होतो. तेही त्याने अडवले. डबा झाकण लावून गॅरेजवर नेला, तिथून ते भंगारातल्या ऑइलवाल्याकडे जाते.

दुपारी दोन वाजले. ताई आणि आयुष्मती दारात उभ्या राहून हसत होत्या, कारण मामा-भाच्यांपैकी मेकॅनिक कोण हे कपड्यांवरून कळत नव्हते. उलट आमचेच कपडे जास्त काळे.

रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरले. सोमवारी सकाळी पाहिले, कोरडे. मंगळवारी, कोरडे. तिसऱ्या दिवशी एक ठिपका दिसला आणि आमचे काळीज चरकले. वाकून पाहिले तर मुंगळा होता.

बुधवारी कचेरीतून येताना भाच्याला बरोबर घेऊन अर्ज भरायला गेलो. आयटीआयचे सगळे आता संगणकावर असते. दुकानात गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा भरणाऱ्या मुलाने मान वर न करता आम्हालाच विचारले, "काका, पहिली पसंती कुठल्या ट्रेडला टाकू?"

भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही खिशाचे पेन काढून त्याच्या हातात दिले, कारण कागदावर सही त्याची लागणार होती, आणि त्या मुलाला म्हणालो, "त्याला विचारा."